मेट्रनचा कार्ब्युरेटर आणि पुढे ढकललेला शनिवार

क्रॅडली हीथ,
रविवार, दुपारचं जेवण उरकून
(एक बटाटा, थोडे मटार, बेकनचा तुकडा. म्हणजे मी जेवतो. काळजी नको.)

प्रिय मेव्हणेबुवा इदवाल यांस,

ओल्वेनच्या थोरल्या भावाला तिच्या नवऱ्याचा साष्टांग म्हणावा असा नमस्कार (प्रत्यक्ष घालत नाही, घातला तर मला उठवायला घरात कुणी नाही). इकडे मी बरा आहे. तिकडे तुझा गुडघा, तुझ्या कोंबड्या आणि चॅपेलमधला तुझा खर्जातला आवाज, तिन्ही ठणठणीत असावेत अशी आशा करतो. गुडघ्याला हंसाची चरबी चोळत जा, असं ओल्वेन तुला प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहायची. आता ते काम माझ्याकडे आलं आहे, म्हणून सुरुवातीलाच लिहून मोकळा होतो. चोळत जा.

तुझं पत्र मिळालं. शिवी एकही नाही, ते तुझ्यासारख्या चॅपेलच्या वडीलधाऱ्याला शोभतं. पण उभा जन्म स्टेशनमास्तरकी केलेला माणूस उशिरा आलेल्या उतारूकडे ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने ते पत्र टेबलावरून माझ्याकडे बघतंय. मी त्याच्यावर किटली ठेवून पाहिली, तरी बघतंय. तुझं म्हणणं थोडक्यात असं, की ओल्वेनची राख बार्मथच्या समुद्रात सोडायचा शनिवार मी दोनदा पुढे ढकलला. पाद्रीबाबा विचारतात, भजनाच्या बाया विचारतात, त्या बायांनी दोन्ही खेपेला मनुकांचा केक केला आणि दोन्ही खेपेला तो तुला एकट्याला खावा लागला. (लागला म्हणतोस. मी तुला आज ओळखतो का?) आणि शेवटी लिहितोस, 'ती फटफटी गेली खड्ड्यात, हॉरेस. कुणाच्या तरी कारमधून माझ्या बहिणीला घेऊन ये.'

इदवाल, तसं नाही रे करता येत. फोनवर सांगायचा प्रयत्न मी केला होता, पण तू पलीकडून तिच्यासारखंच 'हां, बोल' म्हणतोस आणि मग माझ्याच्याने पुढे बोलवत नाही. म्हणून लिहितो. नोव्हेंबरात, तू हॉस्पिटलात तिला भेटून परत गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी, ती मला म्हणाली, 'मला बार्मथला ने. आणि हे बघ, मेट्रनमधून ने. कारमध्ये मला मळमळतं.' मी म्हटलं, अगं, त्या वेळी तुला कसली आलीय मळमळ? तर म्हणते, 'तुला काय ठाऊक? तू कधी राख झालायस का?' मी हो म्हटलं. तिला दिलेले सगळे शब्द मी पाळले अशातला भाग नाही (स्वयंपाकघराला पिवळा रंग द्यायचा शब्द राणीच्या राज्याभिषेकाच्या आधीचा आहे), पण ते मोडले की ती कडाकडा भांडायची आणि हिशेब मिटायचा. हा शेवटचा मोडला तर भांडायलासुद्धा ती नाही. म्हणून तो मोडता येत नाही. तिला मेट्रनमधूनच न्यायचं, आणि मेट्रनचा कार्ब्युरेटर बसत नाही. सगळं दुखणं हे एवढंच आहे.

मेट्रन तुला ठाऊक आहे, पण तू तिला कायम 'तीनचाकी खोकला' म्हणत आलास म्हणून पुन्हा रीतसर ओळख करून देतो. सहाशे सीसी, एकच सिलिंडर, पण तो लोणच्याच्या बरणीएवढा. डाव्या अंगाला साइडकार. लग्न झालं त्याच वर्षी घेतलेली. नाव ओल्वेनने ठेवलं, कारण ती तेव्हा हॉस्पिटलात नर्स होती आणि तिथली मेट्रन जशी पहिल्या हाकेला कधी ओ द्यायची नाही आणि दुसऱ्या हाकेला अंगावर यायची, तशीच ही. किक मारताना जरा हयगय झाली की उलटा तडाखा देते. माझ्या उजव्या नडगीवर आमच्या संसाराचा सगळा इतिहास कोरलेला आहे. पण एकदा चालू झाली की बार्मथपर्यंत आणि परत, दर उन्हाळ्यात, कधी कुरकुर नाही. कुरकुर व्हायची ती साइडकारमधून, आणि तीही माझ्या वेगाबद्दल.

तर अंत्यविधी झाल्यावर हिवाळाभर मी तिच्याकडे फिरकलो नाही. वसंतात शेडचं दार उघडलं, ताडपत्री काढली, किक मारली. मेट्रन शिंकली. पुन्हा मारली, खोकली. तिसऱ्यांदा चालू झाली ती दम्याच्या पेशंटसारखी, आणि मूठ पिळल्यावर मोठ्याने बार काढून गप्प. शेजारच्या मांजरीने त्या दिवसापासून आमचं कुंपण सोडलं आहे. दोष कार्ब्युरेटरचा, हे उघड होतं. (तू आयुष्य वाफेच्या इंजिनांत काढलंस, म्हणून सांगतो. कार्ब्युरेटर म्हणजे गाडीचं स्वयंपाकघर. पेट्रोल किती, हवा किती, हे तिथे ठरतं. पेट्रोल जास्त झालं तर गाडी काळा धूर ओकते, हवा जास्त झाली तर बार काढते. ठरवणारे म्हणजे बारीक भोकाचे दोन-तीन पितळी जेट, दाभणाएवढी एक सुई, वरखाली सरकणारी एक स्लाइड आणि पेट्रोलवर तरंगणारा एक पितळी डबा. झिजलं त्यातलं काय, ते शोधायचं आणि त्या जागी योग्य मापाचं नवं निवडून घालायचं. ऐकायला सोपं आहे. चॅपेलमधलं भजनही ऐकायला सोपंच असतं.)

आणि इथेच माझ्या लक्षात आलं, की आजवर एकही जेट मी निवडलेला नाही. मी फक्त पाना फिरवत आलो. जेटवर त्याचं माप कोरलेलं असतं, इतकं बारीक की मुंगीला चष्मा लागावा. ते वाचायची ओल्वेन. साइडकारमध्ये मांडीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन बसायची. त्यात आम्ही काढलेले सगळे जेट, सगळ्या सुया, एकही कधी फेकलेला नाही. मी हात पुढे करायचा आणि ती बरोबर तोच जेट हातावर ठेवायची. घाटात चढताना नाक वर करून धुराचा वास घ्यायची आणि म्हणायची, 'जाड झालंय, एक नंबर खाली जा.' तिचं नाक चुकत नसे. (तुझ्या पायमोज्यांबद्दलही ती जे म्हणायची, ते बरोबरच होतं.) आता तो डबा मी उघडला तर आत पितळेची खिचडी. भिंग लावलं, दिवा लावला, एकेक जेट डोळ्यांशी नेला. एकशेसत्तर म्हणून बसवला तो एकशेनव्वद निघाला. मेट्रनने अख्खी गल्ली काळी केली आणि पलीकडच्या बाईंनी दोरीवरच्या चादरी काढून पुन्हा धुवायला टाकल्या, माझ्याशी एक शब्द न बोलता. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. हल्ली माझ्याशी सगळेच फार चांगलं वागतात. वीट आलाय.

शेवटी ठरवलं, रीतीने जायचं. कार्ब्युरेटर सबंध काढला, फडक्यात गुंडाळला आणि बसने लेनर्ड ट्रोमन्सकडे गेलो. लेनर्ड म्हणजे आमच्या भागातला जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारा, पण विकणारा हा शब्द त्याला लागू पडत नाही. त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत काउंटर आहे, काउंटरमागे जमिनीपासून छतापर्यंत खण आहेत, खणांत सगळं आहे, आणि त्यातलं काहीही गिऱ्हाइकाच्या हाती लागू नये हा लेनर्डचा बाणा आहे. जुना भाग दाखवल्याशिवाय नवा मिळत नाही. आणि जुना दाखवला की तो बोटांत फिरवून, फुंकर मारून म्हणतो, 'ह्याला काय धाड भरलीय? अजून तुझ्यापेक्षा तरणा आहे. लाव परत.' माणसं लांबून येतात, शिव्या खातात आणि आपलाच जुना भाग खिशात घालून खूश होऊन परत जातात. मी गेलो तेव्हा त्याने चहा केला, ओल्वेनबद्दल एक शब्द काढला नाही (उपकार झाले), आणि फडकं सोडून कार्ब्युरेटर दिव्यासमोर धरला. मग ज्या सपाट तोंडाने तो इंजिनाला टेकतो त्या तोंडावर एक पोलादी पट्टी उभी ठेवली आणि मला म्हणाला, 'बघ.' बघतो तर पट्टीच्या खालून उजेड. तोंड सपाट कुठलं, केळं झालं होतं केळं!

'हॉरेस,' म्हणाला, 'हे आवळलं कुणी?' मी म्हटलं, मीच, दुसरं कोण आवळणार? 'कशाने?' मी म्हटलं, पान्याने. पान्याला जरा पाइप लावून. त्याने कार्ब्युरेटर खाली ठेवला आणि माझ्या हातांकडे नुसता बघत राहिला. आता तूच सांग, मी जन्मभर जहाजांच्या नांगराच्या साखळ्या घडवल्या. आमच्या गावात ढिलं राहिलेलं काही म्हणजे बुडालेलं जहाज. कुठून हवा शिरतेय अशी शंका आली की मी आवळायचो. आवळलं की तो मऊ धातू वाकायचा, वाकला की फट वाढायची, फट वाढली की हवा आणखी शिरायची, आणि मी आणखी आवळायचो. लेनर्ड म्हणाला, 'तुम्ही साखळीवाले सगळे सारखेच. तुमच्यातल्या एकाचाही कार्ब्युरेटर मी सरळ पाहिलेला नाही. बोटांनी आवळ, मग एक अर्धा फेरा दे आणि मग पाना पँटच्या खिशात घालून निमूट घरात जा.' आणि मला नवं काहीही न विकता घरी पाठवलं, तोंड घासून सपाट कर म्हणून.

घासायचं म्हणजे जाड काचेवर पॉलिशपेपर अंथरायचा, पाणी शिंपडायचं आणि कार्ब्युरेटरचं तोंड त्यावर गोल गोल फिरवायचं. सपाट काच घरात एकच. ओल्वेनच्या आरशाच्या टेबलावरची. तिच्या पावडरीच्या डब्या, केसांचे आकडे, सगळं मी बाजूला काढून नीट ठेवलं आणि बसलो घासत. त्या काचेखाली तिने फोटो सरकवून ठेवलेत, तुला ठाऊक आहेच. त्यात तू आहेस, टोपी घालून, फलाटावर. तुमची आई आहे. मी आहे, सगळे केस असलेला. आणि ती आहे, साइडकारमध्ये बसून कॅमेऱ्याकडे जीभ काढतेय. घासता घासता त्या काचेवर राखाडी चिखल झाला, आणि मी फडक्याने पुसावं, तिचं तोंड दिसावं, पुन्हा घासावं, पुन्हा झाकलं जावं. रडलो मी इदवाल, उगाच का लपवू? एवढा मोठा बाप्या, हातात कार्ब्युरेटर घेऊन, बायकोच्या टेबलासमोर तिच्याच स्टुलावर बसून हुंदके देत होतो. खिडकीतून कुणी पाहिलं असतं तर पावडर लावायला बसलाय असं वाटलं असतं. तोंड मात्र सरळ झालं. कार्ब्युरेटरचं.

मग आला स्लाइडचा प्रश्न. झिजलेली स्लाइड खुळखुळते आणि बाजूने हवा घेते, म्हणून नवी हवी, इतपत आमच्या क्लबात एकमत होतं. पुढे नाही. आमचा जुन्या मोटरसायकलवाल्यांचा क्लब दर गुरुवारी पबमध्ये जमतो, आणि तिथे जितके ग्लास तितकी मतं. एक म्हणतो सुई एक खाच वर घे, दुसरा म्हणतो खाली घे, तिसरा म्हणतो सुईचा संबंधच नाही, पेट्रोल हल्ली पहिल्यासारखं राहिलेलं नाही. आमचा सेक्रेटरी बर्ट्रम हिंगली (तू त्याला अंत्यविधीला पाहिलंस; तो लांब मिशांचा, सँडविच मोजून घेणारा) म्हणाला, हा सगळा खटाटोप सोड आणि नवा जपानी कार्ब्युरेटर बसव. पबमध्ये सगळ्यांनी ग्लास खाली ठेवले, जणू त्याने कुणाच्या आईबद्दल काही म्हटलं. मग तोच ओशाळून म्हणाला, 'नाहीतर मी नेतो ना तुम्हाला माझ्या कारने, दोघांनाही.' चांगला माणूस आहे रे. दोघांनाही म्हणाला. मला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि त्याच वेळी त्याच्या मिशा उपटाव्याशा वाटल्या.

स्लाइड मी लेनर्डकडे न जाता जुन्या भागांच्या बाजारात घेतली, एका अनोळखी माणसाकडून. हीच माझी चूक. चकचकीत, घट्ट, हाताला गार. घरी येऊन बसवली. साइडकार रिकामी असली की डाव्या वळणावर तिचं चाक हवेत उठतं, म्हणून सीटवर वाळूचं पोतं ठेवलं, सगळेच ठेवतात, आणि निघालो गावाबाहेरच्या भाजीच्या वाफ्यांकडे. सरळ रस्त्यावर मूठ पिळली. मेट्रन धावली. वा! म्हणून मूठ सोडली. मेट्रन धावतच राहिली. मुठीबरोबर वरखाली व्हायची ती स्लाइड गरम होऊन वरच अडकली होती! पुढे वळण, वळणाला फाटक, आणि फाटकाच्या आत बर्ट्रमचे कांदे. ते साधे कांदे नव्हेत. शरदातल्या प्रदर्शनासाठी तो त्यांना थंडीपासून जपत होता, संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून त्यांच्याशी बोलत होता असं त्याची बायको सांगते. मी, मेट्रन आणि वाळूचं पोतं, तिघं त्यांच्यामधून एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडलो. पोतं फुटलं. मी धडधाकट. कांद्यांतले फार थोडे वाचले.

बर्ट्रम आला. मी म्हटलं आता हा मला जिवंत गाडणार, माती उकरलेलीच आहे. तर त्याने आपली टोपी काढली, कांद्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, 'असू दे हॉरेस. पावसाने तसेही सडले असते.' खोटं बोलत होता. एरवी असं काही झालं असतं तर त्याने क्लबाच्या सभेत माझ्यावर ठराव आणला असता आणि मी त्याच्या ठरावावर उलटा ठराव आणला असता, आणि दोघांचा महिना मजेत गेला असता. बायको गेली की माणसाचा हा हक्कच जातो बघ. कुणी भांडत नाही. ओल्वेन असती तर त्या कांद्यांवरून मला बार्मथपर्यंत ऐकवत गेली असती. मी तिथे मातीत बसून राहिलो, वाळू झटकत, आणि मला इतकं एकटं वाटलं की काय सांगू. बर्ट्रम शेवटी शेजारी येऊन बसला. बराच वेळ आम्ही दोघं कांद्यांबद्दल बोललो.

पुन्हा लेनर्डकडे गेलो. त्याने त्या चकचकीत स्लाइडकडे पाहून 'शी!' केलं, आपल्या खणातून एक जुनीच पण बरी स्लाइड काढून दिली (हे त्याने आयुष्यात क्वचित केलं असेल), तरंगणारा पितळी डबा माझ्या कानाशी हलवून दाखवला (आत पेट्रोल डुचमळत होतं, म्हणजे भोक, तोही बदलला), आणि सगळं घरी आणून मी बोटांनी, फक्त बोटांनी, आवळलं. पाना दुसऱ्या खोलीत ठेवून आलो. आता राहता राहिला तो सुईच्या खालचा जेट. ज्यातून सुई वरखाली होते तो. सुई घासून घासून त्याचं भोक लांबट होतं आणि मग मधल्या वेगात गाडी जास्त पेट्रोल पिते. त्याचं बरोबर माप कोणतं, ते ओल्वेनला पाठ होतं. मला नाही. लेनर्डकडून एक आणला, तो मोठा निघाला. दुसरा आणला, त्याच्याबद्दल मनाची खात्री होत नाही. तिसऱ्यासाठी जाऊन आलो. अशा कामात घाई चालत नाही, इदवाल, तू रेल्वेतला माणूस, तुला मी सांगायला नको. बार्मथच्या वाटेवरच्या डिनासच्या घाटात, तुझी बहीण साइडकारमध्ये असताना, गाडीने मान टाकली तर मी काय करू? तिला हातात घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहू?

सबब, येता शनिवारही जमेलसं दिसत नाही. पाद्रीबाबांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, आणखी एक महिना. फार तर दीड. केकवाल्या बायांना मी स्वतः माफीचं लिहीन. तू रागवशील ते रास्तच आहे. रागवच. पत्रात दोन शिव्या घातल्यास तर उलट आवडेल, हल्ली इकडे तुटवडा आहे.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायचा आग्रह नाही, पण कमी मात्र करू नकोस.

तुझा मेव्हणा,
हॉरेस टिबेट्स

ता. क. : ह्या पत्रातलं टेबलासमोरचं रडण्याचं तेवढं चॅपेलमध्ये वाचून दाखवू नकोस. कांद्यांचं वाचलंस तरी चालेल.

ता. क. २ : पाकीट चिकटवून पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलो होतो. परत आलो, फोडलं. इदवाल, मेट्रन चालू होते. दुसऱ्याच जेटला चालू झाली, पहिल्या किकला. तू हसशील, पण इतकी शहाण्यासारखी ती इतक्या वर्षांत कधी चालली नव्हती. धूर नाही, बार नाही, शेडमध्ये उभी राहून एका लयीत टकटकत होती. मी नाक वर करून वास घेतला, तोही बरोबर होता. आणि मला असा धसका बसला की मी पेट्रोलचा कॉक बंद केला, ताडपत्री घातली आणि टोपी चढवून लेनर्डकडे गेलो, तिसरा जेट मागायला, ज्याची मला काडीची गरज नव्हती. कारण ती चालू झाली म्हणजे जायला हवं. आणि गेलो म्हणजे ओल्वेनला तिकडे सोडून यायला हवं. आत्ता ती इथे कपाटावर आहे, सकाळी मी तिला हवामान सांगतो. लेनर्डने माझ्याकडे जुना जेट मागितला नाही. पहिल्यांदाच. खणातून एक काढला, उजेडाकडे धरला, कागदात बांधून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, 'हाही बसायचा नाही बघ हॉरेस. पुढच्या आठवड्यात पुन्हा ये. चहा टाकतो.' तेव्हा वर लिहिलेलं सगळं खरं आहे, फक्त सबब तेवढी खोटी आहे. जन्मभर ज्याने गिऱ्हाइकांना परत पाठवलं, त्या माणसाला मी माझ्यापायी खोटं बोलायला लावलं. आता पुरे. शनिवारी मी येतोय. पाद्रीबाबांना सांग, बायांना सांग केक करा, आणि तू तो आधी खाऊ नकोस.

ता. क. ३ : खरं मागणं हे आहे. जाताना मला काही नको. जाताना ती आहे. परतीला माझ्याबरोबर साइडकारमध्ये बसशील का? इथे आमच्याकडे चार दिवस राहा, मग तुला ट्रेनने परत पाठवतो, ठरल्या वेळेच्या ट्रेनने. तू म्हणशील ह्या वयात कशाला, गुडघा दुमडत नाही. उशी ठेवतो. त्याचं असं आहे, की घाटात डावं वळण आलं की साइडकारमधल्या माणसाला डावीकडे झुकावं लागतं, आणि झुकायची वेळ झाली की मी हाक मारतो. 'ओल्वेन!' म्हणून. ती झुकायची आणि 'आहे!' म्हणायची. तुमच्या घाटात वळणं तर वळणावर वळण, म्हणजे दिवसभर हेच. 'ओल्वेन!' 'आहे!' आता ती हाक तोंडातून जायची ती जाणारच, ती काही माझ्या हातात नाही. तुझं नाव नाही घेतलं म्हणून रुसू नकोस. इंजिनाच्या आवाजात तुला ऐकूही येणार नाही कदाचित. नाही आलं तरी चालेल. डावं वळण दिसलं की तू आपला 'आहे' म्हण.